परमपवित्र साक्रामेंतातील चमत्कार : श्रद्धा आणि तपास

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली परिसरातील आपल्या धर्मग्रामांत गेल्या काही वर्षांत परमपवित्र साक्रामेंताच्या चमत्कारांविषयी पुष्कळ विचारणा होऊ लागली आहे. याला कारणेही तशीच आहेत. वयाच्या पंधराव्या वर्षी, १२ ऑक्टोबर २००६ रोजी, ल्युकेमियाने निधन पावलेल्या कार्लो अक्युटिस या इटालियन मुलाने जगभरातील अशा घटनांची माहिती गोळा करून तिचे एक प्रदर्शन सिद्ध केले होते. त्याचे फलक आज अनेक देशांतील चर्चेसमध्ये पाहावयास मिळतात. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी कार्लो यांना संतपद बहाल केले, तेव्हा त्या फलकांकडे नव्याने लक्ष गेले. त्याच वर्षी केरळमधील विलक्कन्नूर येथील घटनेची घोषणा झाली. याखेरीज भ्रमणध्वनीवरून येणारी छायाचित्रे आणि चित्रफिती आहेतच. त्यांतील खरे किती आणि रचलेले किती, हे सामान्य भाविकाला कळणे कठीण असते. म्हणून या विषयाची काहीशी सविस्तर माहिती वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ. मिस्साबलिदानात धर्मगुरू पवित्रीकरणाचे शब्द उच्चारतात, तेव्हा भाकर आणि द्राक्षारस यांचे मूलतत्त्व बदलते आणि ते प्रभू येशू ख्रिस्ताचे शरीर व रक्त होते. रंग, चव, आकार, वजन ही बाह्य लक्षणे मात्र होती तशीच राहतात. या श्रद्धेला धर्मशास्त्रात तत्त्वपरिवर्तन म्हणतात. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने ही संज्ञा वापरली आणि १५५१ साली ट्रेंट येथील धर्मपरिषदेने तिचे स्पष्टीकरण केले. सामान्यतः ‘साक्रामेंताचा चमत्कार’ असे आपण ज्याला म्हणतो, तो याहून वेगळा प्रकार होय. त्यात बाह्य लक्षणांतच काही असाधारण घडल्याचे सांगितले जाते : ओस्तीवर रक्त दिसणे, तिचे मांसात रूपांतर होणे, तिच्यावर मुखाची आकृती उमटणे, किंवा वर्षानुवर्षे ती न कुजता राहणे.

हा भेद ध्यानी घेतला नाही तर पुढचे सारेच विवेचन गोंधळाचे होते. पुष्कळांची अशी समजूत असते की, ज्या ओस्तीतून रक्त आले तिच्यात प्रभू ‘अधिक’ उपस्थित आहे आणि आपल्या चर्चमधील टॅबरनॅकलमध्ये ‘कमी’. ही समजूत कॅथलिक शिकवणुकीशी सर्वथा विसंगत आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा थिओलोजिए’ या ग्रंथात नेमका हाच प्रश्न घेतला आहे : वेदीवर मांस अथवा बालक दिसले, तर ते ख्रिस्ताचे स्वतःचे स्वाभाविक रूप असते काय? त्यांचे उत्तर नकारार्थी आहे. ख्रिस्त आपल्या स्वाभाविक रूपात स्वर्गात आहे. जे दिसते ती देवाने घडविलेली खूण असते, कधी पाहणाऱ्याच्या दृष्टीत, तर कधी बाह्य लक्षणांत. साक्रामेंतातील त्याची उपस्थिती त्या खुणेने वाढतही नाही आणि ती खूण नसली म्हणून उणीही होत नाही. ज्या शतकात अशा कथांना युरोपात बहर आला होता, त्याच शतकातील हा निर्वाळा आहे, हे विशेष.

जुन्या घटना

इटलीतील लान्चानो येथील घटना सर्वांत जुनी म्हणून सांगितली जाते. परंपरेनुसार आठव्या शतकात तेथे एका मठवासी धर्मगुरूंच्या मनात मिस्सा अर्पण करताना शंका उद्भवली आणि त्यांच्या हातातील ओस्ती मांस व द्राक्षारस रक्त झाला. उपलब्ध लिखित नोंदी मात्र घटनेनंतर कित्येक शतकांनी लिहिलेल्या आहेत. तेथे जतन केलेल्या अवशेषांची तपासणी १९७०-७१ मध्ये अरेझो येथील डॉ. ओदोआर्दो लिनोली यांनी केली. ते हृदयाच्या स्नायूचे ऊतक आहे आणि रक्त मानवी असून त्याचा गट एबी आहे, असा निष्कर्ष त्यांनी १९७१ मध्ये मांडला. येथे दोन गोष्टी नमूद करणे आम्हाला आवश्यक वाटते. फार जुन्या अवशेषांवरील रक्तगटाच्या चाचणीत जिवाणूंमुळे फसगत होऊ शकते, हे वैद्यकशास्त्राला ज्ञात आहे. दुसरे असे की, जागतिक आरोग्य संघटनेने १९७३ साली शेकडो चाचण्या करून लान्चानोला दुजोरा दिला, असा एक मजकूर वारंवार फिरत असतो; त्या अहवालाला विश्वसनीय आधार नाही. लिनोली यांचे काम प्रसिद्ध झालेले आहे आणि ते वाचता येते. त्याला उसन्या अलंकारांची गरज नाही.

बोल्सेनाची कथा अधिक परिचित आहे. १२६३ मध्ये रोमकडे यात्रेला निघालेले पीटर ऑफ प्राग हे धर्मगुरू तेथे मिस्सा अर्पण करीत असता ओस्तीतून रक्त वाहिले आणि वेदीवरील वस्त्र भिजले, असे सांगतात. ते वस्त्र ऑर्व्हिएतोच्या कॅथीड्रलमध्ये आहे, आणि राफाएल यांनी १५१२ च्या सुमारास व्हॅटिकनमध्ये या प्रसंगाचे भित्तिचित्र रंगविले. पुढच्याच वर्षी, ११ ऑगस्ट १२६४ रोजी, पोप अर्बन चौथे यांनी ख्रिस्तशरीराचा सण सबंध ख्रिस्तसभेसाठी लागू केला. बोल्सेनाच्या चमत्कारामुळेच हा सण आला असे आपण सर्रास ऐकतो. परंतु सणाच्या आज्ञापत्रात बोल्सेनाचा उल्लेख नाही. या सणामागे लिएज येथील संत ज्युलियाना यांची दीर्घ तळमळ आहे. १२४६ मध्येच लिएजच्या बिशपांनी तो आपल्या धर्मप्रांतात सुरू केला होता, आणि पोप होण्यापूर्वी अर्बन हे त्याच लिएजमध्ये आर्चडीकन होते. एका स्त्रीने वर्षानुवर्षे केलेली विनवणी एका रात्रीतील चमत्कारापेक्षा कमी आकर्षक वाटते, म्हणून बहुधा ती मागे पडली असावी.

सिएनाची घटना याच्या अगदी उलट आहे. १४ ऑगस्ट १७३० रोजी तेथील संत फ्रान्सिसच्या चर्चमधून पवित्र ओस्तींनी भरलेले पात्र चोरीस गेले. तीन दिवसांनी दुसऱ्या एका चर्चच्या दानपेटीत, धूळ आणि कोळिष्टकांत, त्या ओस्ती सापडल्या. त्या कुजतील आणि मग त्यांची विल्हेवाट लावता येईल, या अपेक्षेने ठेवून देण्यात आल्या. पण त्या कुजल्याच नाहीत. १९१४ मध्ये रसायनतज्ज्ञांच्या उपस्थितीत झालेल्या तपासणीत त्या गव्हाच्या, उत्तम स्थितीतील भाकरीच असल्याचे आढळले. आज तेथे २२३ ओस्ती जतन केलेल्या आहेत. येथे मांस नाही, रक्त नाही. भाकर भाकरच राहिली, एवढेच घडले. आमच्या मते धर्मशास्त्राच्या दृष्टीने ही घटना लान्चानोहूनही बोलकी आहे. कारण भाकरीची लक्षणे जोवर टिकतात तोवरच ख्रिस्ताची साक्रामेंतातील उपस्थिती टिकते, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे.

या इतिहासाला एक काळी बाजूही आहे आणि ती लपविणे योग्य नव्हे. मध्ययुगात युरोपातील अनेक नगरांत यहुदी लोकांवर ओस्ती चोरून तिला भोसकल्याचा आरोप ठेवण्यात आला आणि ‘ओस्तीतून रक्त आले’ हीच साक्ष मानून त्यांना मृत्युदंड देण्यात आला. ब्रसेल्समध्ये १३७० साली असेच घडले आणि त्या चमत्काराचा उत्सव तेथे शतकानुशतके साजरा होत राहिला. हे आरोप निराधार होते, असे सांगणारा फलक अखेर १९७७ मध्ये तेथील कॅथीड्रलमध्ये लावण्यात आला. चमत्काराची नीट शहानिशा न करण्याची किंमत कधी कधी निरपराध माणसांनी मोजली आहे.

केरळमधील दोन घटना

आपल्या देशातील ज्या घटना अधिक चर्चिल्या गेल्या, त्या दोन्ही केरळच्या आहेत. पहिली चिरट्टकोणम येथील संत मरिया चर्चमधील. हे चर्च मलंकारा कॅथलिक परंपरेतील असून घटना २००१ च्या एप्रिल-मे महिन्यांतील आहे. आराधनेसाठी ठेवलेल्या ओस्तीवर प्रथम तीन लाल ठिपके दिसले आणि काही दिवसांनी त्या जागी मुखाकृती दिसू लागली, असे तेथील धर्मगुरूंनी नोंदविले. संत कार्लो यांच्या प्रदर्शनातही ही घटना आहे.

दुसरी घटना कण्णूर जिल्ह्यातील विलक्कन्नूरची. १५ नोव्हेंबर २०१३ रोजी ख्रिस्त राजा चर्चमध्ये सकाळच्या मिस्सेत ओस्ती उंचावली असता तिच्यावर एक डाग दिसला, तो वाढत गेला आणि त्यातून मुखाकृती प्रकट झाली. हे चर्च सिरो-मलबार परंपरेच्या तलश्शेरी महाधर्मप्रांतात आहे. आपल्या परिसरात या घटनेचे पडसाद लगेच उमटले, त्याचे कारण उघड आहे. नोकरीधंद्यानिमित्त केरळमधून आलेली असंख्य कुटुंबे ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत स्थायिक आहेत. १९८८ साली कल्याण येथे सिरो-मलबार धर्मप्रांताची स्थापना झाली ती त्यांच्याचसाठी. गावाकडची बातमी आधी त्यांच्या घरी आली आणि तेथून शेजारच्या मराठी, कोंकणी व ईस्ट इंडियन घरांत पोहोचली.

वाचकांनी येथे कालावधीकडे लक्ष द्यावे. ओस्ती प्रथम स्थानिक पातळीवर, नंतर सिरो-मलबार ख्रिस्तसभेच्या धर्मशास्त्रीय मंडळाकडे आणि पुढे पोपच्या राजदूतांमार्फत अधिक अभ्यासासाठी गेली. वैज्ञानिक तपासणीही झाली. रोमच्या संमतीनंतर ३१ मे २०२५ रोजी विलक्कन्नूर येथे पोपचे राजदूत आर्चबिशप लिओपोल्दो जिरेली यांच्या उपस्थितीत अधिकृत घोषणा झाली. म्हणजे डाग दिसला त्या सकाळपासून साडेअकरा वर्षे. या काळात ज्यांचा धीर सुटला त्यांचा राग आम्ही समजू शकतो, पण ख्रिस्तसभेची घाई न करण्याची ही रीत योग्यच आहे.

तपास कशाचा आणि का

लाल डाग म्हणजे रक्तच असे नव्हे. १८१९ साली इटलीतील पादुआजवळच्या लेन्यारो गावात एका शेतकऱ्याच्या घरी मक्याचे पिठले लालभडक झाले आणि गाव भयभीत झाले. बार्तोलोमेओ बिझिओ या औषधशास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला आणि तो एका सूक्ष्म जीवाचा प्रताप असल्याचे दाखविले. त्याने त्या जीवाला ‘सेराशिया’ असे नाव दिले. दमट, उबदार हवेत पिठूळ पदार्थावर हा जिवाणू वाढतो आणि रक्तासारखा तांबडा थर धरतो. काही बुरशींचाही रंग तसाच असतो. कोकणपट्टीतील पावसाळ्यात पावाची लादी दोन दिवसांत काय रूप घेते, हे आपल्या गृहिणींना सांगावयास नको. ओस्ती हीही गव्हाचीच भाकर आहे आणि तिची बाह्य लक्षणे निसर्गनियमांनाच बांधलेली आहेत. तत्त्वपरिवर्तनाची शिकवण तेच तर सांगते.

अमेरिकेतील युटाह राज्यात २०१५ साली पाण्यात ठेवलेली एक ओस्ती लाल झाली आणि भाविकांची रीघ लागली. धर्मप्रांताच्या समितीने तपास करून ती लाल बुरशी असल्याचे जाहीर केले. इंडियाना राज्यातील एका चर्चमध्ये २०२५ च्या प्रारंभी असेच घडले; प्रयोगशाळेत सामान्य जिवाणू आणि बुरशी आढळली, आणि महाधर्मप्रांताने ते विनासंकोच कळविले. पोलंडमधील सोकुल्का येथे मात्र निष्कर्ष निराळा निघाला. १२ ऑक्टोबर २००८ रोजी खाली पडलेली ओस्ती पाण्यात ठेवली होती. तिच्यावर आलेल्या लाल अंशात हृदयाच्या स्नायूशी मिळतेजुळते ऊतक असल्याचे दोन तज्ज्ञांनी सांगितले. इतर शास्त्रज्ञांनी त्यावर आक्षेप घेतले. स्थानिक ख्रिस्तसभेने २००९ मध्ये एवढेच म्हटले की, बाहेरील हस्तक्षेप आढळला नाही आणि ही घटना श्रद्धेच्या विरोधात नाही.

१७ मे २०२४ रोजी रोमच्या श्रद्धा-सिद्धांत विभागाने अशा प्रकरणांसाठी नवे नियम प्रसृत केले. बिशपांनी चौकशी समिती नेमावी. तीत किमान एक धर्मशास्त्रज्ञ, एक धर्मकायद्याचा जाणकार आणि घटनेच्या स्वरूपानुसार एक तज्ज्ञ असावा. आणि रोमच्या संमतीवाचून निर्णय जाहीर करू नये, असे त्यांत म्हटले आहे. निर्णयाचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील सर्वांत अनुकूल निर्णयही सामान्यतः ‘हरकत नाही’ एवढाच असतो. भाविकांना अशा ठिकाणी प्रार्थना करण्यास मोकळीक मिळते, पण विश्वास ठेवण्याची सक्ती कोणावरही नसते. विलक्कन्नूरवर एखाद्या कॅथलिकाचा विश्वास बसला नाही म्हणून तो अश्रद्ध ठरत नाही. परंतु रविवारच्या मिस्सेतील ख्रिस्ताची उपस्थिती नाकारून कोणी कॅथलिक राहू शकत नाही.

आपल्या जवळचाच एक प्रसंग येथे सांगणे भाग आहे, जरी तो साक्रामेंताचा नसला तरी. मार्च २०१२ मध्ये विलेपार्ले येथील वेलंकणी मातेच्या चर्चमधील क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या पायांतून पाणी ठिबकू लागले आणि लोक ते भांड्यांत घेऊन जाऊ लागले. बुद्धिप्रामाण्यवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी पाहणी करून, तुंबलेल्या सांडपाण्याच्या वाटेतून केशाकर्षणाने ते पाणी येत असल्याचे सांगितले. पुढे दूरचित्रवाणीवर वाद रंगला, काही कॅथलिक मंडळींनी धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी पोलिसांत दाखल केल्या, आणि त्याच वर्षी ते देश सोडून फिनलंडला गेले. मुंबई महाधर्मप्रांताने तो चमत्कार असल्याचे कधीही जाहीर केले नव्हते. त्यांची काही विधाने ख्रिस्तसभेवर अन्याय करणारी होती, असे आम्हालाही वाटते. तरीही पाणी कोठून येते हे पाहणाऱ्या माणसाला उत्तर पोलीस ठाण्यातून द्यावे, हे आम्हाला पटत नाही. तसे पाहणे हे आपल्याच समितीचे पहिले काम असते.

ठाणे आणि १३२१

‘आपल्या ठाण्यात कधी असे काही घडले आहे काय?’ हा प्रश्न आम्हाला विचारला जातो. साक्रामेंताचा मान्यताप्राप्त चमत्कार येथे नाही. मात्र टेंभी नाक्यावरून बाजाराकडे जाताना आपण ज्या नगरातून चालतो, त्याचे नाव ख्रिस्ती जगतात सातशे वर्षांपूर्वीच एका चमत्कारकथेसह पोहोचले होते. एप्रिल १३२१ मध्ये थॉमस ऑफ टोलेंटिनो, जेम्स ऑफ पादुआ, पीटर ऑफ सिएना हे फ्रान्सिस्कन आणि दिमित्री हा त्यांचा तिफ्लिसचा सोबती, असे चौघे ठाण्यात श्रद्धेसाठी मारले गेले. डॉमिनिकन धर्मगुरू जॉर्डन कातालानी यांनी त्यांचे देह सोपाऱ्यास पुरले. पुढे ओदोरिक ऑफ पोर्देनोने ठाण्यास आले आणि त्यांच्या अस्थी घेऊन चीनकडे गेले. ओदोरिक यांच्या वृत्तान्तात आहे की, जेम्स यांना दोनदा आगीत टाकले आणि दोन्ही वेळा ते अक्षत बाहेर आले. ओदोरिक प्रत्यक्षदर्शी नव्हते. ऐकलेले त्यांनी लिहिले. १८९४ मध्ये ख्रिस्तसभेने थॉमस यांच्या परंपरागत भक्तीला मान्यता दिली, ती त्यांच्या रक्तसाक्षीमुळे. आगीचे काय झाले हे ठरविण्याची तिला गरज पडली नाही.

आणखी एक काळ आठवतो. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील सर्व प्रार्थनास्थळे बंद झाली ती १६ नोव्हेंबरला उघडली. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली ती ७ ऑक्टोबरपर्यंत. लोक घरी पडद्यावर मिस्सा पाहत आणि आध्यात्मिक कम्युनियनची प्रार्थना म्हणत. त्या महिन्यांत आम्हाला रक्ताळलेल्या ओस्तीविषयी कोणी विचारल्याचे स्मरत नाही. सर्वांचा एकच प्रश्न होता : कम्युनियन केव्हा मिळेल? १९६४ च्या जागतिक साक्रामेंत परिषदेसाठी पोप पॉल सहावे मुंबईत आले, तेव्हा ओव्हल मैदानावर लोटलेला जनसमुदायही त्या साध्या, पांढऱ्या ओस्तीसाठीच जमला होता.

आपल्या चर्चमध्ये काही दिसले तर

असा प्रसंग क्वचितच येईल, पण आला तर काय करावे हे ठाऊक असावे. छायाचित्र काढून पाठवू नये. प्रथम धर्मगुरूंना कळवावे. ते बिशपांना कळवितील. ओस्तीला हात लावू नये, ती घरी नेऊ नये, तिच्याजवळ दानपेटी ठेवू नये. जेथे चमत्कारापाठोपाठ पैसे गोळा होऊ लागतात, तेथे चौकशी समितीचा संशय बळावतो, आणि तो बळावलाच पाहिजे.

याहून नेहमीचा प्रसंग म्हणजे कम्युनियनच्या वेळी ओस्ती खाली पडणे. ती आदराने उचलावी. शक्य असल्यास धर्मगुरू किंवा ती घेणारी व्यक्ती ती तेथेच ग्रहण करते. ती मळली असेल तर पाण्याच्या छोट्या पात्रात ठेवून ते पात्र झाकून सुरक्षित ठिकाणी ठेवतात. सोकुल्का आणि युटाह येथील घटनांचा आरंभ याच रीतीतून झाला. बहुतेक वेळा काही दिवसांत ओस्ती पूर्ण विरघळते, भाकरीची लक्षणे उरत नाहीत, आणि मग ते पाणी साक्रिस्तीतील ज्या कुंडाची नळी थेट जमिनीत जाते त्यात ओततात. असे कुंड नसेल तर चर्चच्या आवारात, जेथे कोणाचा पाय पडणार नाही अशा मातीत.